एका पंडिताचे धर्मयुद्ध

१८०४ साल. आपल्याकडे असईची लढाई होऊन काही महिने उलटले होते. शिंदे आणि नागपूरकर भोसले तह करून बसले होते आणि यशवंतराव होळकर इंग्रजांशी एकट्याने झुंजायच्या तयारीला लागले होते. त्याच वर्षी २१ फेब्रुवारीला, तिकडे दूर पश्चिम आफ्रिकेत, सहारा वाळवंटाच्या दक्षिण कडेला असलेल्या देगेल नावाच्या खेड्यातून पन्नाशीला टेकलेले एक शिक्षक बाहेर पडले. बरोबर बायकामुले होती, शिष्य होते, गुरेढोरे होती. ग्रंथ वाहून नेण्यासाठी उंट आणि गाढवे एका शिष्याने आणून दिली होती. घरदार सोडून निघालेल्या या माणसाजवळ त्या दिवशी सैन्य असे काही नव्हतेच. पण पाच वर्षांच्या आत त्यांच्या अनुयायांनी एकामागून एक राजधान्या घेतल्या आणि त्यांतून जे राज्य उभे राहिले, ते एकोणिसाव्या शतकातल्या आफ्रिकेतल्या सर्वांत मोठ्या राज्यांपैकी एक ठरले.

या शिक्षकांचे नाव उस्मान दान फोदिओ. फोदिओ म्हणजे फुलानी भाषेत विद्वान; दान म्हणजे हौसा भाषेत मुलगा. विद्वानाचा मुलगा उस्मान, एवढाच त्या नावाचा अर्थ. लोक त्यांना शेहू म्हणत. शेख या शब्दाचेच हे हौसा रूप. आजच्या नायजेरियात हे नाव ठाऊक नसलेला माणूस मिळणे कठीण. सोकोतो शहरात त्यांच्या नावाचे विद्यापीठ आहे आणि त्यांच्या कबरीवर आजही भाविक येतात. आपल्याकडे मात्र हे नाव सहसा कानावर पडत नाही.

माझी त्यांच्याशी ओळख झाली ती आडवाटेने. सोकोतोचे राज्य १९०३ मध्ये इंग्रजांच्या ताब्यात आणणारा फ्रेडरिक ल्युगार्ड हा मद्रासचा. १८५८ मध्ये तिथेच त्याचा जन्म झाला. या माणसाविषयी वाचता वाचता, त्याने ज्यांचे राज्य बुडवले ते लोक कोण, असा प्रश्न मला पडला. मग जे वाचत गेलो, त्यात एकाच माणसाची तीन चित्रे दिसली. वसाहतीच्या काळातल्या अनेक गोऱ्या लेखकांना शेहूंच्या लढ्यात परक्या वंशाच्या फुलानींनी धर्माच्या नावाखाली हौसा लोकांवर मिळवलेला विजय दिसला. स्वातंत्र्याच्या आसपास नायजेरियातल्या अभ्यासकांना त्यात जुलमी राजांविरुद्धचा जनतेचा उठाव दिसला. आणि श्रद्धाळूंना दिसले ते केवळ एका संताचे पुण्यकर्म. तिन्ही चित्रांत काही खरे आहे. पण तिन्हींतून एक प्रश्न सुटून जातो आणि मला तोच महत्त्वाचा वाटतो. आयुष्यभर शिकवणाऱ्या एका पंडिताने युद्धाला मान्यता दिली. तर त्या युद्धातल्या बऱ्यावाईटाचा किती वाटा त्याच्या पदरात घालायचा?

शिक्षकाची वीस वर्षे

शेहूंचा जन्म १५ डिसेंबर १७५४ चा, गोबीर नावाच्या हौसा राज्यातला. हा प्रदेश आज नायजेरियाच्या वायव्य भागात येतो. ज्वारी-बाजरीचा मुलूख. ही दोन्ही धान्ये मुळात आफ्रिकेतलीच, तिथून ती आपल्या ताटात आली. इथली गावे आणि तटबंदीची शहरे हौसा लोकांची. कापड, कातडे, मीठ आणि गुलाम यांचा व्यापार इथून वाळवंट ओलांडून चालत असे. फुलानी हे बहुतांश गुरे राखणारे, चाऱ्यामागे हिंडणारे लोक. पण त्यांच्यातलाच तोरोंकावा नावाचा एक गट पिढ्यान्‌पिढ्या विद्येला वाहून घेतलेला होता. उस्मान त्या घराण्यातले. आई हव्वा, आजी रुकय्या, वडील मुहम्मद फोदिओ, चुलते, मामा अशा घरच्याच गुरूंकडून त्यांचे शिक्षण सुरू झाले. त्यांचे धाकटे भाऊ अब्दुल्लाही पुढे त्यांचे शिष्य, सेनापती आणि टीकाकारही झाले.

उस्मान यांच्या गुरूंपैकी एकाचे नाव लक्षात ठेवायला हवे, ते म्हणजे जिब्रील इब्न उमर. हे मोठे विद्वान, पण अत्यंत कडवे. मोठे पाप करणारा मुसलमान हा मुसलमानच उरत नाही, इथवर त्यांची मजल गेली होती. उस्मान त्यांच्याबरोबर वर्षभर वाळवंटातल्या अगादेसपर्यंत राहिले. जिब्रील मक्केच्या यात्रेला निघाले, पण उस्मान यांना वडिलांची परवानगी नव्हती. ते परत फिरले आणि पुढे हजयात्रा त्यांना कधीच घडली नाही. गुरूविषयी त्यांचा आदर शेवटपर्यंत राहिला. पण गुरूचे ते मत मात्र त्यांनी साफ नाकारले. पाप हे पाप आहे, ते करणाऱ्याला काफीर ठरवता येणार नाही, असे त्यांनी लिहून ठेवले. पुढच्या सगळ्या कथेत हा मुद्दा पुन:पुन्हा डोके वर काढतो.

साधारण १७७४ पासून उस्मान गावोगाव हिंडून शिकवू लागले. गोबीर, केब्बी, झाम्फारा या मुलखांत ते वर्षानुवर्षे फिरले. ग्रंथ अरबीत लिहीत. पण लोकांशी बोलताना भाषा लोकांचीच असे. कवने फुलानी भाषेत रचत, जेणेकरून ज्याला अक्षरओळख नाही त्यालाही ती पाठ व्हावीत. सांगणे तरी काय असे? नमाज नीट कसा करावा, वारसाहक्काचे नियम कोणते, धर्माच्या नावावर खपणाऱ्या खुळचट चालीरीती कशा ओळखाव्यात. त्यांच्या पहिल्या मोठ्या ग्रंथाचा विषयही हाच आहे. त्यात माणसांना शिक्षा करण्यापेक्षा त्यांना समजावून देण्यावर भर आहे.

एका बाबतीत ते काळाच्या फार पुढे होते. त्यांच्या प्रवचनांना बायका येत. स्त्री-पुरुष एकत्र बसतात म्हणून इतर मौलवींनी गहजब केला, तेव्हा शेहूंनी आणि अब्दुल्लाहींनी त्यांना लेखी उत्तर दिले. बायकांना अज्ञानात ठेवणे हा त्याहून मोठा दोष आहे, असे त्यांचे म्हणणे होते. घरातल्या बायकांना भांड्याकुंड्यांसारखे वापरायचे आणि फुटले की उकिरड्यावर टाकायचे, अशा वृत्तीच्या विद्वानांवर शेहूंनी एका ग्रंथात कडक टीका केली आहे. धर्माचे आवश्यक ज्ञान नवरा देत नसेल, तर बायकोने ते मिळवण्यासाठी बाहेर पडावे, असेही त्यांनी सांगितले. हे अठराव्या शतकातले आहे, हे ध्यानात घ्यावे.

दरबाराशी गाठ

इतका लोकसंग्रह झाल्यावर राजाचे लक्ष जाणारच. १७८८-८९ च्या सुमारास गोबीरचा राजा बावा याने ईदच्या निमित्ताने सगळ्या विद्वानांना बोलावून भेटी वाटल्या. शेहूंनी सोन्याची भेट नाकारली आणि त्याऐवजी पाच मागण्या ठेवल्या: आपल्याला प्रवचनाची मोकळीक असावी, ऐकायला येणाऱ्यांना कोणी अडवू नये, पगडीधारी श्रद्धावानांचा मान राखावा, कैद्यांना सोडावे आणि रयतेवर करांचे ओझे लादू नये. बावाने त्या मान्य केल्या. या यादीत धर्म आहे तसा तुरुंग आणि करही आहे. लोकांचे दु:ख आणि धर्माचा उपदेश यांची सांगड शेहूंनी इथेच घातली होती.

त्या काळच्या हौसा राज्यांवर त्यांनी पुढे जे आरोप लिहून ठेवले, ते वाचताना कोणत्याही देशातल्या जुन्या रयतेची कैफियत वाचतो आहोत असे वाटते. न्यायाधीश लाच घेतात. गुराख्यांकडून गुरांवर कर उकळला जातो. रयतेची जनावरे वेठीला धरली जातात. मेलेल्याच्या वारसांचा हिस्सा सरकार खाते. सगळ्यांत जिव्हारी लागणारा आरोप असा की, जन्माने स्वतंत्र असलेल्या मुसलमानांना पकडून गुलाम म्हणून विकले जाते. इस्लामी कायद्यात याला मुळीच जागा नव्हती. तरीही ते राजरोस चालत होते, आणि फुलानी गुराखी व हौसा शेतकरी दोघेही त्याला बळी पडत होते.

बावानंतर दरबाराचे वारे फिरले. १७९७-९८ च्या सुमारास राजा नफाता याने फर्मान काढले: शेहूंखेरीज कोणीही प्रवचन करायचे नाही, ज्याचा बाप मुसलमान नाही त्याने बापाच्या धर्मात परत जायचे, पुरुषांनी पगडी घालायची नाही आणि बायकांनी डोक्यावरून ओढणी घ्यायची नाही. १८०२ च्या सुमारास गादीवर आलेला युन्फा हा तर एके काळी शेहूंकडे शिकलेला, त्यांच्याच पाठिंब्यावर गादी मिळवलेला, असे परंपरा सांगते. त्यानेच पुढे शेहूंवर बंदूक रोखली आणि ती उलटून त्यालाच भाजले, अशीही आख्यायिका आहे.

इथे शेहूंचे अनेक चाहते थांबतात. शांत स्वभावाच्या शिक्षकाला राजाने छळले आणि नाइलाजाने तलवार हाती घ्यावी लागली, असे ते सांगतात. मला हे चित्र अपुरे वाटते. १७९४ मध्ये शेहूंना एक दृष्टांत झाला, तो त्यांनी स्वत: लिहून ठेवला आहे. त्यात बाराव्या शतकातले सूफी संत अब्दुल कादिर जिलानी यांनी त्यांना पगडी बांधली आणि सत्याची तलवार दिली. १७९७ च्या सुमारास त्यांनी शिष्यांना शस्त्रे जमवायला सांगितली. म्हणजे देगेल सोडण्यापूर्वी दहा वर्षे तलवारीचा विचार त्यांच्या मनात होता. ती कधी उपसायची, हाच काय तो प्रश्न होता. ते ओढले गेले हे खरे. पण ओढले जाण्याची तयारीही त्यांनी ठेवली होती. याने त्यांचे मोठेपण कमी होत नाही. मात्र जबाबदारी पूर्णपणे युन्फाच्या माथी मारता येत नाही.

ठिणगी आणि वणवा

ठिणगी पडली ती गुलामगिरीच्याच प्रश्नावर. अब्दुल सलाम नावाचा शेहूंचा एक हौसा शिष्य गिम्बाना गावी आपल्या माणसांसह राहत होता. गोबीरच्या फौजेने त्या वस्तीवर हल्ला केला आणि वाचलेल्यांना बांधून नेले. ही तुकडी देगेलजवळून जाताना शेहूंच्या शिष्यांनी कैदी सोडवले. युन्फा खवळला. देगेल उद्ध्वस्त होणार हे दिसू लागले आणि शेहूंनी हिजरत केली. पैगंबरांनी मक्का सोडून मदिना गाठली, त्या घटनेची आठवण प्रत्येकाच्या मनात होती. गुदू या ठिकाणी अनुयायांनी त्यांना आपला नेता निवडले आणि युद्ध जाहीर झाले.

जून १८०४ मध्ये क्वातो तलावाकाठी युन्फाची घोडेस्वारांची फौज आणि शेहूंचे धनुर्धारी समोरासमोर आले. नेतृत्व अब्दुल्लाहींकडे होते. शेहू स्वत: रणांगणावर नव्हते, आणि पुढेही त्यांचे काम प्रार्थना, पत्रे आणि ग्रंथलेखन हेच राहिले. त्या दिवशी राजाची फौज पळाली. पण डिसेंबरात त्सुन्तुवा येथे शेहूंच्या लोकांचा दारुण पराभव झाला. सुमारे दोन हजार माणसे पडली, आणि त्यांतल्या दोनशे जणांना संपूर्ण कुराण मुखोद्‌गत होते असे सांगतात. या आकड्याकडे मी पुन:पुन्हा वळतो. चळवळीचे मन घडवणारी, शेहूंच्या हाताखाली वर्षानुवर्षे शिकलेली माणसे पहिल्याच वर्षात मातीत गेली. त्यांच्या जागी जे आले, त्यांतले पुष्कळजण लढाई जिंकली जाते आहे हे पाहून आलेले होते.

तोवर वणवा पसरला होता. इतर हौसा राजेही आपापल्या मुलखातल्या शेहूंच्या अनुयायांवर तुटून पडले. मग ठिकठिकाणचे पुढारी शेहूंकडे येत, त्यांच्याकडून निशाण घेत आणि आपल्या प्रदेशात लढाई सुरू करीत. १८०७-०८ पर्यंत कात्सिना, कानो, झारिया ही जुनी राज्ये पडली. ऑक्टोबर १८०८ मध्ये गोबीरची राजधानी अल्कालावा पडली आणि युन्फा मारला गेला.

हे फुलानींचे वांशिक युद्ध होते का? निशाणे घेणारे जवळजवळ सगळे फुलानी होते, हे नाकारता येत नाही. बाउचीचा याकुबू हा ठळक अपवाद. पण सुरुवातीच्या अनुयायांत हौसा शेतकरी होते, तुआरेग होते, मालकांकडून पळून आलेले गुलाम होते. शत्रूचा जो गुलाम पळून आपल्याकडे येईल तो स्वतंत्र, असा नियम शेहूंनी घालून दिला होता. विजयानंतर मात्र सत्ता प्रामुख्याने फुलानी घराण्यांच्या हाती गेली. ज्याच्या माणसांपायी युद्धाची ठिणगी पडली, त्या अब्दुल सलामला नव्या राज्यात फारच लहान वाटा मिळाला. शेहूंच्या मृत्यूनंतर लगेच त्याने बंड केले. ते मोडून काढण्यात आले आणि त्यातच त्याचा अंत झाला.

जिंकल्यावर

विजयी चळवळीवर पहिला घाव घातला तो घरच्याच माणसाने. १८०७ मध्ये, युद्ध ऐन भरात असताना, सेनापती अब्दुल्लाही वैतागून फौज सोडून पूर्वेकडे निघाले. मक्केला जायचे त्यांच्या मनात होते. कानोच्या लोकांनी त्यांना थांबवून घेतले, आणि विजयानंतर राज्य कसे चालवावे याविषयी त्यांनी तिथे एक ग्रंथ लिहून दिला. पुढे त्यांनी आपल्या कविता आणि आठवणी एकत्र केल्या. त्यात आपले खरे सोबती मरून गेले आणि उरलेले सत्ता, उंची कपडे, घोडे आणि बटकी यांच्यामागे लागले, अशी खंत त्यांनी लपवून ठेवलेली नाही.

शेहूंनी स्वत: राजवाडा बांधला नाही. १८१२ मध्ये त्यांनी राज्याचा कारभार वाटून दिला. पश्चिमेचा भाग अब्दुल्लाहींकडे आणि पूर्वेचा मुलगा मुहम्मद बेल्लो याच्याकडे. आपण सिफावा या लहानशा गावी शिकवत आणि लिहीत राहिले. सोकोतो हे शहर बेल्लोने १८०९ मध्ये वसवले. शेहू तिथे राहायला गेले ते अखेरच्या दोन-तीन वर्षांत. २० एप्रिल १८१७ रोजी तिथेच त्यांचे निधन झाले. तेव्हा त्यांचे वय बासष्ट होते. लहानमोठे मिळून शंभराच्या वर ग्रंथ त्यांच्या नावावर आहेत.

या शेवटच्या वर्षांतले त्यांचे लिखाण मला सर्वांत मोलाचे वाटते. अब्दुल्लाहींचा आग्रह असा की, जुन्या राजांच्या पदव्या, त्यांचे नगारे, त्यांची भपकेबाज वस्त्रे हे सगळे वर्ज्यच. शेहू मात्र मऊ झाले होते. जे स्पष्ट निषिद्ध नाही त्यावरून माणसांना पेचात धरू नये, असे ते सुचवू लागले. थोरल्या भावाने आणि धाकट्या भावाने हा वाद उघडपणे, ग्रंथांतून, एकमेकांचा मान राखून केला.

बोर्नूहून आलेले प्रश्न

शेहूंनी मऊ व्हावे यामागे एक मोठे कारण होते असे मला वाटते. पूर्वेला चाड सरोवराकाठी बोर्नू हे राज्य होते. तिथले राजे सात-आठशे वर्षांपासून मुसलमान. त्यांनी हौसा राजांना मदत केली, या कारणावरून १८०८ मध्ये शेहूंच्या माणसांनी बोर्नूची राजधानी लुटली. बोर्नूच्या बाजूने मुहम्मद अल्-अमीन अल्-कानेमी नावाचे विद्वान पुढे आले. ते लढलेही, पण त्यांनी पत्रेही लिहिली.

अल्-कानेमींचा युक्तिवाद सरळ होता. आमच्या देशात लाचखोरी आहे, चुकीच्या रूढी आहेत, हे त्यांना मान्य होते. पण त्या कोणत्या देशात नाहीत? इजिप्तमध्ये नाहीत की सिरियात नाहीत? एवढ्यावरून सगळ्यांना काफीर ठरवून त्यांच्यावर चाल करता येते का? स्वतंत्र मुसलमानांना गुलाम करता येते का?

वाचकांच्या लक्षात आले असेल. जिब्रीलचे मत खोडून काढताना तरुण उस्मान यांनी जे म्हटले होते, तेच अल्-कानेमी आता त्यांना ऐकवत होते. सोकोतोकडून उत्तरे लिहिली मुख्यत: बेल्लोने. पापामुळे नव्हे, तर काफिरांना मुसलमानांविरुद्ध मदत केल्यामुळे बोर्नूवाले धर्माबाहेर गेले, असा त्यांचा बचाव. तो कायद्याच्या चौकटीत बसवलेला आहे. पण वाचून समाधान होत नाही. शत्रूला मदत करणारा तो शत्रू, हे राजकारण झाले. त्याला धर्मशास्त्राचा पोशाख चढवला की, कोणालाही धर्माबाहेर काढायची वाट मोकळी होते. शेहूंनी स्वत: वीस-तीस वर्षे ज्या वाटेवर कुंपण घातले होते, ती युद्धाच्या गरजेपोटी त्यांच्याच पक्षाने उघडली. उतारवयात त्यांनी ते कुंपण पुन्हा उभारण्याचा प्रयत्न केला. माणसांना काफीर म्हणण्याची घाई करणाऱ्यांना ते ग्रंथांतून आवरू लागले. पण तोवर सत्ता दुसऱ्यांच्या हाती गेली होती.

गुलामगिरीचा हिशेब

आता सर्वांत अवघड बाब. ज्या लढ्याचे एक मुख्य कारण गुलामगिरीचा अन्याय हे होते, त्या लढ्यातून जन्मलेले राज्य जगातल्या मोठ्या गुलामधारी राज्यांपैकी एक झाले. शेहूंचा विरोध गुलामगिरीला नव्हता, स्वतंत्र मुसलमानांना गुलाम करण्याला होता, हे इथे स्पष्ट करायला हवे. जो मुसलमान नाही, त्याच्या बाबतीत कायद्याचे दार उघडे होते. सरहद्दीवरच्या लढाया चालू राहिल्या, पकडून आणलेली माणसे शेतमळ्यांवर राबू लागली. जर्मन प्रवासी हाइनरिश बार्थ १८५१ मध्ये कानोला आला, तेव्हा त्या प्रांतात गुलामांची संख्या स्वतंत्र माणसांएवढीच असावी असा त्याने अंदाज केला. इंग्रज आले तेव्हा सोकोतोच्या राज्यात दहा ते पंचवीस लाख गुलाम असावेत, असे या विषयाचे अभ्यासक मानतात.

या धामधुमीची झळ पार अटलांटिकपर्यंत गेली. युद्धात पकडलेले हौसा कैदी ब्राझीलच्या बाहिया प्रांतात विकले गेले. तिथे १८३५ मध्ये जे मोठे बंड झाले, त्यात योरुबा आणि हौसा मुसलमान गुलाम पुढे होते. १८२१ मध्ये योरुबा प्रदेशातल्या एका गावावर फुलानी आणि योरुबा मुसलमान स्वारांनी धाड घातली आणि बारा-तेरा वर्षांचा एक मुलगा पकडून विकला. इंग्रज आरमाराने गुलामवाहू जहाजातून त्याची सुटका केली. तोच पुढे सॅम्युअल अजयी क्राऊथर या नावाने इंग्लंडच्या चर्चचा पहिला आफ्रिकी बिशप झाला. शेहू तेव्हा हयात नव्हते. त्या धाडीचा दोष त्यांच्या नावे लिहिणे अन्यायाचे होईल. पण त्यांच्या निशाणांनी जी उलथापालथ सुरू झाली, तिच्यापासून ही धाड पूर्णपणे वेगळीही काढता येत नाही.

दुसऱ्या पारड्यात काय आहे, हेही पाहू. शेहूंची मुलगी नाना अस्माउ (१७९३ ते १८६४) ही चार भाषा जाणणारी कवयित्री आणि शिक्षिका. तिने खेड्यापाड्यांतल्या बायकांना शिकवण्यासाठी स्त्रियांचेच एक जाळे उभे केले. गावोगावच्या शिक्षिका गवताच्या मोठ्या टोप्या घालून तिच्याकडे येत, तिची कवने पाठ करत आणि परत जाऊन इतरांना शिकवत. युद्धात पकडून आणलेल्या, भाषा आणि घर दोन्ही हरवलेल्या बायकांपर्यंतही हे शिक्षण पोचले. बापाने जे सांगितले ते लेकीने करून दाखवले. तिच्या पद्धतीने शिकवणाऱ्या बायका त्या भागात अजूनही आहेत.

मग निवाडा काय?

१९०३ मध्ये ल्युगार्डच्या फौजेने सोकोतो घेतले. सुलतान अत्ताहिरू काही महिन्यांनी बुर्मी येथे लढता लढता मारला गेला. आपल्याकडे संस्थानिक ठेवले तसे ल्युगार्डने तिथले अमीर गादीवर ठेवले आणि त्यांच्यामार्फत राज्य केले. ज्या गुरांवरच्या कराविरुद्ध शेहूंनी लेखणी चालवली होती, तो करही इंग्रजांच्या काळात वसूल होत राहिला. गुलामगिरीची कायदेशीर मान्यता पूर्णपणे संपायला १९३६ साल उजाडले. म्हणजे फुलानींच्या जुलमातून सोडवायला आलो, असे सांगणाऱ्यांनाही सोडवण्याची घाई नव्हतीच.

हा सगळा हिशेब जुन्या काळापुरता राहिला असता, तर मी एवढे लिहिलेही नसते. पण एप्रिल २०१४ मध्ये बोको हराम या संघटनेने बोर्नो राज्यातल्या चिबोक येथील शाळेतून २७६ मुली पळवल्या, आणि त्यांना गुलाम म्हणून विकण्याची भाषा केली. नायजेरियातल्या अशा टोळ्या शेहूंच्या वारशावरही हक्क सांगतात. या दाव्याला उत्तर द्यायचे, तर शेहू कसे नव्हते एवढे सांगून भागत नाही. ज्यांनी बायकांना शिकवले आणि पाप्याला काफीर म्हणू नका असे बजावले, ते शेहू या टोळ्यांचे असूच शकत नाहीत. पण ज्यांच्या पक्षाने बोर्नूच्या मुसलमानांना धर्माबाहेर काढले, त्या पक्षाच्या युक्तिवादात या टोळ्यांना हवे ते सापडते. हे कबूल केले, तरच शेहूंचा खरा वारसा त्यांच्या हातून परत घेता येईल.

माझ्यापुरता निवाडा असा. शेहूंचा लढा अन्यायाविरुद्ध होता आणि तो अन्याय खरा होता. ते सत्तेसाठी लढले नाहीत. सत्ता हाती आल्यावर त्यांनी ती वाटून टाकली, हे फार थोड्या विजेत्यांना जमले आहे. पण युद्धासाठी त्यांच्या पक्षाने जे शास्त्र तयार केले, ते त्यांच्या काबूत राहिले नाही; आणि हे त्यांना स्वत:ला कळले होते, याची साक्ष त्यांचे अखेरचे ग्रंथ देतात. सैनिकाची जबाबदारी त्याच्या तलवारीपुरती असते. पंडिताचे शब्द त्याच्या पश्चात, त्याला ठाऊकही नसलेल्या गावांत वापरले जातात, म्हणून त्याची जबाबदारी अधिक लांब पोचते. शेहूंना संत मानणाऱ्यांनी त्यांचे हे अखेरचे ग्रंथ वाचावेत, आणि त्यांना केवळ आक्रमक मानणाऱ्यांनीही तेच वाचावेत. विजय मिळाल्यानंतर, सगळीकडे जयजयकार चालू असताना, सिफावाच्या त्या लहान गावात बसून आपल्याच माणसांना आवरू पाहणारा म्हातारा शिक्षक त्यांत भेटतो. मला तो क्वातोच्या विजयापेक्षा मोठा वाटतो.